खिडकी नसलेल्या खोल्या

जेम्स फिट्झपॅट्रिक या अमेरिकन गृहस्थाने १९३० पासून दोन दशकांहून अधिक काळ एमजीएम या सिनेमा कंपनीसाठी ‘ट्रॅव्हलटॉक्स’ नावाचे छोटे प्रवासपट काढले. मुख्य सिनेमाच्या आधी ते दाखवत. बंदर, बाजार, देऊळ, राजवाडा, आणि शेवटी सूर्यास्ताच्या साक्षीने निवेदकाने घेतलेला जड अंतःकरणाचा निरोप. हा साचा इतका ठरून गेला की पुढे विनोदी नट पीटर सेलर्सने लंडनच्या बालम या अगदी साध्यासुध्या उपनगरावर तसाच निरोपाचा सूर लावून त्याची यथेच्छ टर उडवली.

यातला १९३८ चा पट सिंगापूर आणि शेजारच्या जोहोरवरचा. असे पट आज घरबसल्या बघता येतात आणि बघणारा हटकून हळहळतो : काय टापटीप शहर होतं, केवढी ऐसपैस जागा! मुंबईच्या जुन्या ट्रामची चित्रफीत मोबाइलवर आली की आपणही दुसरं काय करतो?

या टापटिपीचं श्रेय शहराइतकंच कॅमेऱ्यालाही द्यायला हवं. हा पट रंगीत होता, आणि त्यासाठीच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन फिती धावत. भिंगातून आलेला प्रकाश त्यांच्यात वाटला जाई, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला थोडाच येई. म्हणून चित्रीकरणाला लख्ख ऊन हवं, आणि ते अवजड धूड उभं करायला मोकळी जागा हवी. त्यावर पाहुण्यांना काय दाखवायचं याची सरकारी आणि व्यापारी आवडनिवड. रस्त्यावरचा आवाज तर पडद्यावर येतच नाही. तिथे निवेदक असतो आणि वाद्यवृंद.

आता याच शहराचा एक कागद बघा. कलकत्त्यात आरोग्य अधिकारी राहिलेले डॉ. सिम्पसन यांनी सिंगापूरच्या आरोग्यस्थितीवर १९०७ मध्ये अहवाल दिला. चिनी वस्तीतल्या लांबोळक्या दुकानघरांचे मजले फळ्यांनी तोडून त्यांचे खण पाडलेले. मधल्या खणांना खिडकीच नाही. ऊन नाही, वारा नाही, भाडेकरू मात्र खच्चून भरलेले. तीस वर्षांनीही ही दाटी हटलेली नव्हती. तिथे रंगीत कॅमेरा नेऊन ठेवला असता तरी फितीवर काळोखच उमटला असता. निर्मात्याची नियत कितीही साफ धरा, शहराचा हा भाग त्याच्या यंत्राच्या आवाक्याबाहेरच होता. मला हे मुद्दाम लपवण्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतं, कारण लपवणाऱ्याला निदान जाब तरी विचारता येतो.

रिक्षावाल्याचं उलट आहे. तो उन्हातला माणूस. बंदरांच्या प्रवासपटांत त्याच्यावाचून पान हलत नाही : उघड्या पिंडऱ्या, डोक्यावर टोपल्यासारखी टोपी, मागे पांढऱ्या सुटातला साहेब. चेहरा दिसतो, पण नाव कोणी विचारत नाही. नावं सापडतात ती भलतीकडेच. जेम्स वॉरन या इतिहासकाराने सिंगापूरच्या रिक्षावाल्यांवर १९८६ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्याचा मोठा आधार होता अकस्मात मृत्यूंच्या चौकशीची दप्तरं. मोटारीखाली आलेला, कर्जाने आणि अफूने पोखरलेला, गळफास घेतलेला : प्रत्येकाचं नाव तिथे नोंदलेलं आहे, शेजारच्या फळीवर झोपणाऱ्यांच्या जबान्याही आहेत. त्या खिडकी नसलेल्या खोल्यांच्या आत शिरता येतं ते या जबान्यांतून. मात्र तिथे चेहरा नाही. आणि चित्रफितीतला कोणता माणूस दप्तरातला कोणता, हे जुळवण्याची सोय कुणीच ठेवलेली नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. युद्धानंतर माणसाने ओढायच्या रिक्षा बंद झाल्या, आणि १९८३ मध्ये शहराच्या नदीतल्या मालवाहू होड्याही दुसरीकडे हलवल्या. त्यामुळे फितीतली उन्हाची बाजू जपायलाच हवी, ती दुसरीकडे कुठे उरलेली नाही. फक्त, हे पट झाडूनपुसून, रंग उजळून पुन्हा दाखवायला काढणाऱ्या संग्रहालयांनी एक करावं : निवेदकाचा आवाज बंद ठेवून एखादा खेळ करावा आणि त्याच्या जागी त्या जबान्या वाचाव्यात. आठ-दहा मिनिटांत पाच-सहा जणांच्या सहज होतील.