बूट कुठे चावतो?

पुण्यात पळणाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो, ‘पहिली हाफ मॅरेथॉन करतोय, कुठले शूज घेऊ?’ पाच मिनिटांत दहा उत्तरं येतात आणि दहाही ठाम असतात. वेताळ टेकडीवर पळणारा वेगळं सांगतो, विद्यापीठाच्या आवारात पळणारा वेगळं, आणि ज्याने पळणं सोडून दोन वर्षं झाली तो सगळ्यात मोठा मेसेज लिहितो.

माझा एक मित्र बॅकएंड डेव्हलपर आहे. त्याने शूज निवडायला एक्सेल शीट केली. वजन, टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक, फोमचा प्रकार, किती किलोमीटर टिकतील, सेलमधली किंमत, आणि प्रत्येक रकान्याला वेटेज. शीट सुंदर होती, आमच्या धंद्यातल्या माणसाला हेच सुचणार. पण तिने एक गोष्ट गृहीत धरली होती. योग्य बूट जगात कुठेतरी आधीच ठरलेला आहे, आपण तो फक्त शोधायचा, आणि या सगळ्या व्यवहारात पायाने गप्प बसायचं.

पायाला गप्प बसवण्याची परंपरा बरीच शास्त्रीय आहे. तळवा ओला करून कागदावर ठसा उमटवायचा, कमान सपाट की उंच ते बघायचं आणि त्यावरून बूट ठरवायचा, ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरमधल्या हजारो नव्या रिक्रूटवर तिची परीक्षा झाली. काहींना कमानीनुसार बूट दिले, बाकीच्यांना ठसा न बघता सरसकट एकाच प्रकारचे. प्रशिक्षणाच्या शेवटी दोन्ही गटांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

त्याउलट एक जुना प्रयोग मला फार आवडतो. कॅल्गरी विद्यापीठातल्या बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2001 मध्ये प्रसिद्ध केला. सैनिकांसमोर सहा प्रकारचे इनसोल ठेवले आणि सांगितलं, ज्यात पायाला सगळ्यात बरं वाटेल तो घ्या. चार महिन्यांत या लोकांना, इनसोल न घेतलेल्यांपेक्षा कमी दुखापती झाल्या. आणि सगळ्यांनी एकच इनसोल निवडला असंही नव्हतं. पुढे 2015 मध्ये निग यांनी मांडलं की माणूस आरामाच्या जाणिवेवरून स्वतःला साजेसा बूट आपोआप गाळून घेत असावा. हे अजून गृहीतकच आहे, त्यावर कुणी शपथ घेऊ नये.

तरी इथे इंजिनिअर अस्वस्थ होतो. ‘बरं वाटतंय’ हा काय डेटा झाला? मला वाटतं, झाला. ज्याचं जळतं त्याला कळतं असं आपण म्हणतो, तेव्हा ते फक्त सहानुभूतीने म्हणत नाही. त्यात ज्ञानाबद्दलचा एक दावा आहे. काही गोष्टी बाहेरून मोजता येत नाहीत, त्या आतल्या माणसालाच विचाराव्या लागतात. दुकानदार अंगठा दाबून पुढे जागा किती ते सांगेल, ट्रेडमिलवरचा कॅमेरा घोटा किती वळतो ते सांगेल. करंगळीला काय होतंय, हे सांगायला करंगळीच हवी.

पण साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याने आयुष्यात पाहिलंय काय, हेही विचारावं लागतं. आपण वापरतो ते यूके साइझ इंग्रजांबरोबर आले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशातल्या 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. आपले पाय सर्वसाधारणपणे जास्त रुंद निघाले. म्हणून तर रुंदी मिळावी यासाठी आपण लांबीत एक नंबर वाढवून घेतो, पुढचं पोकळ राहतं, मग नाडी करकचून आवळतो आणि म्हणतो, ‘परफेक्ट.’ या सर्वेक्षणावरून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. तोपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पायांनी दुसऱ्यांच्या साच्याला ‘बरं’ म्हटलं होतं. दुसरं काही समोर आलंच नाही, तर पाय तरी काय सांगणार?

(कार्बन प्लेटवाल्या बुटांवर मी मुद्दाम लिहीत नाहीये. ते वापरणं न्याय्य की नाही, हा प्रश्न जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने निदान विचारला आणि 2020 मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी 40 मिलिमीटरवर अडवली.)

म्हणजे ‘मला बरं वाटतंय’ या वाक्याला वजन यायला ‘मला हे नको’ म्हणायची सोय आधी असावी लागते. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये अबेबे बिकिलाने मॅरेथॉन अनवाणी जिंकली, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. बूट समोर होते, पायाला नीट बसेनात, अनवाणी पळायची सवय होती, म्हणून त्याने ते बाजूला ठेवले. चार वर्षांनी टोकियोत तोच बूट घालून जिंकला. 2013 मध्ये बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारी लुगड्यात अनवाणी पळाल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. आजारी नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते. पुढे त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली.

मोटिव्हेशनल पोस्टमध्ये हे दोघे शेजारी शेजारी दिसतात, खाली ‘शूज नाही, जिद्द लागते’ वगैरे. मला ती पोस्ट फॉरवर्ड करवत नाही. बिकिलाच्या पायाला विचारलं गेलं आणि त्याने नाही म्हटलं. करेबाईंसमोर कुणी चार जोड मांडून बसलं नव्हतं. दोन अनवाणी पायांत एवढं अंतर असताना दोघांनाही ‘जिद्द’ हा एकच शब्द चिकटवला, की बाईंना पैशासाठी त्या वयात पळावं का लागलं, हा प्रश्न आपसूक गायब होतो. त्यांची जिद्द खरीच आहे. आपलं कौतुक मात्र जरा सोयीचं आहे.

आपल्या भाषेला हे जुनं माहीत आहे. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण चपलेबद्दल नाही, माणसाला त्याच्या जागी ठेवण्याबद्दल आहे. वहाण म्हणजे खालचा, आणि खालच्याला मत नसतं. अनेक गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे, आणि सवर्णांच्या पायातली वहाण बहुधा त्यांच्यापैकीच कुणीतरी शिवलेली असे.

आता हिंजवडीतल्या एखाद्या आयटी पार्कच्या गेटवर बघा. सिक्युरिटीवाले काका बारा तास उभे असतात, एजन्सीने दिलेल्या काळ्या, कडक बुटांत. आपण दिवसाला फार तर तासभर पळतो आणि त्यासाठी तीन महिने रिव्ह्यू वाचतो. सहा-सातशे किलोमीटर झाले की फोम बसला म्हणून नवा जोड घेतो आणि जुना ‘कुणाला तरी’ देतो. बहुतेक वेळा त्यांनाच. देताना नंबर अंदाजाने धरतो, ‘होतील बघा काका, मस्त कंडिशन आहे.’ काका हसून घेतात. दिलेली वस्तू घट्ट होते असं कुणी म्हणत नाही, तसं म्हणायची रीत नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काळ्याच बुटांत दिसले, तर आपण समजतो की युनिफॉर्म सक्तीचा असेल. असेलही. पण ‘काका, तुमचा नंबर काय? कुठे चावतो का?’ हे आधी विचारायला एक मिनिटही लागत नाही, आणि उत्तर ‘आठ, पण पुढून रुंद लागतो’ असं आलं तर आपला जोड त्यांच्या कामाचा नाही, हे तिथेच कळतं. मग जोड गुपचूप परत बॅगेत घालायचा की त्यांना त्यांच्या मापाचा नवा आणून द्यायचा, हा प्रश्न उरतो. माझ्या मित्राच्या शीटमध्ये त्यासाठी रकाना नाही.