शत्रूच्या पतनाचा हर्ष

शास्त्रभाग : नीतिसूत्रे 24:17, 18, 2 शमुवेल 1



जुलमी मनुष्य पडला म्हणजे लोकांस हर्ष होतो, ह्यात नवल नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी निजामाच्या राज्यात वेठबिगार केली, त्यांस जुलूम म्हणजे काय हे आम्ही शिकवावे असेही नाही. तथापि शत्रू पडला असता हर्ष करू नये, देवाला ते आवडत नाही, असे शास्त्र सांगते. ही आज्ञा कठीण आहे. ती कशासाठी दिली असावी, हे पाहू.

पुण्याच्या घाशीराम कोतवालाचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. तो 1777 साली कोतवाल झाला व चौदा वर्षे त्या शहरावर त्याचा दरारा होता. ऑगस्ट 1791 मध्ये तेलंगणातून आलेल्या ब्राह्मणांस एका लहानशा कोठडीत कोंडण्यात आले, आणि त्यांपैकी वीसांहून अधिक जण गुदमरून मेले. शहर खवळले. नाना फडणविसांच्या सरकारने अखेर घाशीरामास संतप्त लोकांच्या हाती दिले. त्याची धिंड निघाली व दगडांनी ठेचून त्याचा प्राण घेण्यात आला.

आता विचार करा. चौदा वर्षे त्यास अधिकारावर कोणी ठेवले? प्रजेची गाऱ्हाणी कोणाच्या दारी अडली? हे सर्व प्रश्न त्या दगडांखाली पुरले गेले. जमावाच्या हाती एक मनुष्य देऊन सरकार मोकळे झाले. पिलाताने पाण्याने हात धुतले, तसेच हे. पुढे 1863 साली मोरोबा कान्होबा ह्यांनी घाशीरामावर पुस्तक लिहिले, 1972 साली विजय तेंडुलकरांचे नाटक आले, आणि त्याचे नाव घरोघर पोहोचले. कोठडीत मेलेल्यांपैकी एकाचे तरी नाव तुम्ही ऐकले आहे काय?

आमच्या काळीही असेच घडले. इराकचा पदच्युत हुकूमशहा सद्दाम हुसेन ह्यास 30 डिसेंबर 2006 रोजी पहाटे बगदादेत फाशी दिले. दुजैल गावच्या 148 जणांच्या वधाबद्दल न्यायालयाने ती शिक्षा सांगितली होती. परंतु वधस्तंभापाशी उभे असलेल्यांनी त्यास टोमणे मारिले. तो आपली प्रार्थना म्हणत असतानाच पायाखालची फळी निघाली. कोणी तरी मोबाईलवर ते दृश्य टिपले व ते जगभर पसरले. मग काय झाले? कित्येक ठिकाणी लोक नाचले, आणि कित्येक ठिकाणी, आपल्या देशातही, लोकांनी त्यास हुतात्मा मानून मोर्चे काढिले. दुजैलच्या मेलेल्यांची आठवण दोन्ही गर्दींस राहिली नाही. कुर्द लोकांच्या कत्तलीचा खटला तर अर्धाच होता. आरोपी मेल्यामुळे त्याच्यापुरता तो बंद झाला. ज्या विधवा साक्ष देण्यासाठी थांबल्या होत्या, त्यांच्यासमोर त्यास उत्तर द्यावे लागलेच नाही.

कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, ज्याचे जळते त्यालाच कळते." खरे आहे. म्हणूनच दावीदाकडे पाहा. शौलाने त्यास भिंतीशी खिळावे म्हणून भाला फेकिला होता, रानोरान त्याचा पाठलाग केला होता. शौलाचा मुकुट घेऊन अमालेकी मनुष्य बक्षिसाच्या आशेने आला, तेव्हा दावीदाने वस्त्रे फाडिली व संध्याकाळपर्यंत उपास केला. शौल चांगला होता म्हणून नव्हे. पडलेल्यांत योनाथानही होता, इस्राएलाचे कित्येक पुत्र होते. हर्ष करणाऱ्याच्या डोळ्यांस ते दिसले नसते.

आणि आता आपल्याच मुलखाकडे येऊ. रझाकारांनी मराठवाड्यात जो छळ केला, त्याच्या आठवणी अजून घरोघरी आहेत. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजाम शरण आला. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी, लातूरचा वकील, ह्यास कोणी चौकात दगडांनी मारिले नाही. त्याच्यावर खटला चालला, त्याने तुरुंगवास भोगिला व 1957 साली सुटून तो पाकिस्तानात गेला. पुढाऱ्यास न्यायालय मिळाले, आणि गर्दी मिळाली ती ज्यांचा काही अपराध नव्हता अशा शेजाऱ्यांस! पंडित सुंदरलाल समितीने त्या दिवसांत हैदराबाद राज्यात 27,000 ते 40,000 लोक मेले असा अंदाज दिला, आणि तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही.

मुक्तिदिनी झेंडावंदनास आपण अवश्य जावे. ती सुटका देवाची कृपा होती. पण त्यानंतरच्या रविवारी उपदेशकांनी मंडळीत 2 शमुवेलाचा पहिला अध्याय वाचावा. गावातील वृद्धांनी आपल्या आईबापांकडून जे ऐकले असेल ते विचारावे : रझाकारांनी कोणाचे घर जाळिले हेही, आणि नंतर कोणाचे घर ओस पडले हेही. जी नावे कळतील ती वहीत लिहून ठेवावी, आणि त्या दिवशीच्या प्रार्थनेत दोन्ही घरांची नावे घ्यावी.