सांझीचा कागद

व्रजाच्या मुलखात भाद्रपद वद्य पक्षात, म्हणजे आपण पितरांची पाने वाढतो त्याच पंधरवड्यात, मंदिरात मातीची अष्टकोनी वेदी करून तिच्यावर कोरड्या रंगांची सांझी घालण्याची वहिवाट आहे. गोपाळ भट्ट गोस्वामींनी १५४२ मध्ये स्थापिलेल्या वृंदावनच्या राधारमण मंदिरात ती आजही चालते. या रांगोळीतील राधाकृष्णाच्या लीला उमटतात त्या बारीक कात्रीने कोरलेल्या कागदी साच्यांतून, आणि एकाच चित्राला रंगागणिक निराळा साचा लागतो.

मोराचा डोळा कोरताना बुबुळाभोवती कात्री पुरी फिरवून चालत नाही. तशी ती फिरली की बुबुळ स्वतंत्र न होता गळून पडते आणि हाती उरते ते नुसते भोक. म्हणून निष्णात कारागीर दोहों बाजूंस केसाएवढी पट्टी राखतो. त्या पट्टीखाली रंग पोचत नाही, सबब चित्रात तेवढी रेघ कोरी राहते. खरा हुन्नर हा की ती रेघ पापणीची कड म्हणून खपून जावी.

याच भूमीत चैतन्य संप्रदायाचा अचिंत्यभेदाभेद आणि निंबार्कांचा द्वैताद्वैत नांदला. (निंबार्कांना परंपरा आपल्या मुंगी-पैठणचे मानते.) जीव ईश्वराहून भिन्नही आणि अभिन्नही, हे त्यांचे प्रतिपादन केवलाद्वैत्याला दोन्ही डगरींवर हात ठेवल्यासारखे वाटते; अखंड कागद तेवढा सत्य, आकार हा आभास, असे तो म्हणेल. परंतु अखंड कागदातून सांझी उमटत नाही, तशीच ती सुट्या कपट्यांतूनही उमटत नाही. भेद आणि संबंध दोन्ही खरे धरल्यावाचून जिथे एक मोर साधत नाही, तिथे या मतास तडजोड म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अर्थात दाखल्याची धाव इथवरच. पट्टी कोठे असावी हे बुबुळाला कोणी विचारत नाही. मनुष्य मात्र स्वतःच विचारतो, आणि तो त्याचा अधिकार आहे. कुळाच्या आणि जातीच्या ज्या बंधनांना पावित्र्य बहाल केले जाते, त्यांतील पुष्कळशी आकार सावरण्यासाठी नसून कात्रीच चालू नये म्हणून चिकटवलेली असतात. भेदाभेदाच्या नावाने त्यांची वकिली कोणी करू नये.

पूजेनंतर सांझी मोडून रंग यमुनेत सोडतात, साचे जपून ठेवतात. वृंदावनास जायचे तर पितृपक्षात जावे, आणि प्रवासास तो काळ वर्ज्य मानणाऱ्यांनीही एवढा अपवाद करावा. देवदर्शन बारा महिने घडते, सांझी तेवढेच दिवस असते.