वृद्धापकाळची सेवा : पाचारण एकाचें कीं दोघांचें?



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार उद्भवतो, पण तो सभेपुढें उघडपणें क्वचितच मांडला जातो. एखाद्या उपदेशकानें तीस-पस्तीस वर्षें एका गांवीं शाळा चालविली, उपासना चालविली, आजाऱ्यांच्या उशाशीं रात्री काढिल्या. आतां त्याची दृष्टि मंद झाली आहे आणि त्याच्या पत्नीला विहिरीची पायरी चढवत नाहीं. मुलगा शहरांत नोकरीला आहे, तो म्हणतो, "बाबा, आतां पुरे. आमच्याकडे या." म्हातारा म्हणतो, "मला धन्यानें येथें ठेविलें आहे. तो ऊठ म्हणेपर्यंत मी उठणार नाहीं." म्हातारी चुलीपाशीं बसून दोघांचेंहि ऐकते व कांहींच बोलत नाहीं. तिला कोणीं विचारलेलेंहि नसतें.

या घरांत खरें कोणाचें? मुलाच्या बोलण्यांत प्रीति आहे, बापाच्या बोलण्यांत निष्ठा आहे, आणि आईच्या मौनांत काय आहे तें देवच जाणे. याचें उत्तर घाईनें देतां येत नाहीं, म्हणून आपण त्याचा क्रमानें विचार करूं.

प्रथम हें पाहूं कीं, विसावा घेणें हें पाप आहे काय? गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत लेव्यांविषयीं एक नियम आहे. पंचविसाव्या वर्षीं लेव्यानें दर्शनमंडपाच्या सेवेंत यावें आणि पन्नासाव्या वर्षीं त्या कामांतून मोकळें व्हावें. मात्र त्यानंतरहि त्यानें आपल्या भाऊबंदांना त्यांच्या कामांत साह्य करावें. या नियमांतील शहाणपण लक्षांत घ्यावें. जड काम खांद्यावरून उतरविलें, पण माणसाला मंडपाबाहेर काढिलें नाहीं. म्हाताऱ्याकडून तरुणाचें काम घेणें ही क्रूरता होय, आणि म्हाताऱ्याला निरुपयोगी ठरविणें हीहि क्रूरताच होय. देवानें दोन्ही वर्ज्य केलीं.

याच्या जोडीला दुसऱ्या शमुवेलाच्या एकोणिसाव्या अध्यायांतील बर्जिल्लय पहा. अबशालोमाच्या बंडांत दाविद राजा पळत असतां या वृद्धानें त्याला अन्न पुरविलें. पुढें राजा परत जाऊं लागला तेव्हां म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझें पालन करीन. बर्जिल्लय ऐशी वर्षांचा होता. मला आतां अन्नाची चव समजत नाहीं, गाणें ऐकूं येत नाहीं, मीं धन्याला भार कां व्हावें, असें त्यानें सांगितलें. तो राजाला यार्देनेपलीकडे थोडें पोहोंचवून मागें फिरला आणि आपल्या जागीं किम्हामाला पाठविलें. म्हणजे 'नको' म्हणणें ही देखील सेवा होऊं शकते. पण त्याच्या 'नको' मध्यें दोन गोष्टी होत्या : जेवढें चालवेल तेवढें तो राजाबरोबर चालला, आणि आपल्या जागेवर तरुणाला उभें केलें.

आतां एका दांपत्याचा वृत्तांत पाहूं, कारण नुसत्या नियमांनीं मन वळत नाहीं. रॉबर्ट मॉफट हे स्कॉटलंडांत १७९५ सालीं जन्मले. त्यांचा धंदा बागवानाचा. त्यांनीं ज्यांच्या रोपवाटिकेंत काम केलें, त्यांच्या मुलीचें नांव मेरी स्मिथ. दोघांनींहि आफ्रिकेस जाण्याचा निश्चय केला. पण मेरीच्या आईबापांनीं तिला निरोप देण्यास साफ नकार दिला. रॉबर्ट १८१६ सालीं लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीनें एकटेच निघाले. मेरी मागें राहिली. तिनें आईबापांस तोडलें नाहीं आणि आपला निश्चयहि सोडला नाहीं. अखेर त्यांनीं संमति दिली, तेव्हां ती १८१९ सालीं जहाजानें निघाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत केपटाऊन येथें त्यांचें लग्न झालें.

या गोष्टींत आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. मेरी ही नवऱ्याच्या पाचारणामागें ओढली गेलेली स्त्री नव्हती. तें पाचारण तिचें स्वतःचें होतें. कोणी म्हणतील, संमतीची वाट पाहात बसलें तर देवाचें काम कसें व्हावें? त्यांस आमचें उत्तर असें कीं, जें पाचारण दोन-तीन वर्षें वाट पाहूं शकत नाहीं तें पाचारण कीं हट्ट, याचा शोध करावा.

याच्या उलट उदाहरण सांगतांना मन कचरतें, पण सांगितलें पाहिजे. विल्यम केरी यांचें नांव हिंदुस्थानांतील प्रत्येक ख्रिस्ती मनुष्य आदरानें घेतो. त्यांची पत्नी डॉरोथी इंग्लंड सोडण्यास प्रथम तयार नव्हती. १७९३ सालीं जहाज निघण्यास विलंब लागला, त्या अवधींत तिला पुन्हा आग्रह झाला, आणि ती लहान मुलांसह निघाली. बंगालांत दुसऱ्याच वर्षीं तिचा पीटर नांवाचा मुलगा मरण पावला. पुढें तिला वेड लागलें आणि १८०७ सालीं त्याच अवस्थेंत ती वारली. केरींच्या थोर कार्याला आम्ही कमीपणा आणीत नाहीं. पण त्या कार्याचा हिशेब मांडतांना डॉरोथीचें दुःख वहीबाहेर ठेवण्याचा अधिकार आम्हांला कोणीं दिला? तरुणपणीं हें इतकें जड गेलें, तर म्हातारपणीं, जेव्हां शरीरांत बळ नाहीं व मुलेंबाळें दूर आहेत, तेव्हां न विचारतां गृहीत धरलेली संमति किती जड होत असेल!

मॉफट दांपत्याकडे परत वळूं. कुरुमान येथें, आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागांत, त्यांनीं पाट काढून झऱ्याचें पाणी बागेंत आणिलें, उपासनामंदिर बांधिलें, छापखाना चालविला. त्स्वाना लोकांच्या भाषेंत नवा करार १८४० सालीं व संपूर्ण पवित्र शास्त्र १८५७ सालीं पूर्ण झालें. एवढें झाल्यावर कोणीहि विसावा घेतला असता. पण १८५९ सालीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, मॉफट कित्येक दिवसांचा बैलगाडीचा प्रवास करून मटाबेले लोकांच्या मुलुखांत इन्याटी येथें नव्या मिशनऱ्यांना घेऊन गेले. त्या तरुण मंडळींत त्यांचा मुलगा जॉन हाहि होता. तेथें म्हातारबाबा लोहाराच्या भट्टीशीं व करवतीशीं उभे राहून तरुणांच्या घरांची तयारी करीत. कांहीं महिन्यांनीं, काम मार्गास लागतांच, ते १८६० सालीं परत आले. त्यांनीं तेथें गादी मांडली नाहीं.

आणि मेरीबाई? त्या अवधींत त्या कुरुमान येथें घर व ठाणें सांभाळीत राहिल्या. प्रवासाची गोष्ट पुस्तकांत येते. दिवा जळत ठेवणाराची गोष्ट फार करून येत नाहीं. पुढें १८६२ हें वर्ष आलें. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांस दिलेली त्यांची वडील मुलगी मेरी एप्रिलांत झांबेझी नदीच्या कांठीं शुपांगा येथें तापानें वारली, आणि त्याच वर्षीं मुलगा रॉबर्ट हाहि गेला. १८६६ सालीं त्यांचे जावई, फ्रेंच मिशनरी फ्रेदू, दारूच्या स्फोटांत मरण पावले व मुलगी विधवा झाली. वृद्धापकाळची सेवा म्हणजे काय, तें येथें कळतें. तरुणाच्या सेवेंत आशा पुढें चालते. वृद्धांच्या सेवेंत कबरा मागें असतात. तरीहि सकाळ होते, घंटा वाजते, आणि कोणाला तरी औषध द्यावयाचें असतें.

अखेर १८७० सालच्या मार्चांत, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, दोघांनीं कुरुमान सोडिलें. पन्नास वर्षांत ते मायदेशीं एकदांच गेले होते. कुरुमानचें काम मुलगा जॉन व दुसरे सोबती यांच्या हातीं देऊन ते निघाले, आणि लोकांनीं मोठ्या शोकानें त्यांस निरोप दिला. पुढच्याच जानेवारींत, १८७१ सालीं, मेरीबाई इंग्लंडांत मरण पावल्या. मॉफट त्यांच्यामागें बारा वर्षें जगले व १८८३ सालीं वारले.

येथें कोणी विचारील, मग निघण्यांत चूक झाली नाहीं काय? मेरीबाई तेथेंच राहिल्या असत्या तर निदान आपल्या लोकांत मेल्या असत्या. हा आक्षेप हलका नाहीं. झाड म्हातारपणीं उपटून दुसरीकडे लावलें तर तें जगत नाहीं, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु पुढें किती दिवस जगणें झालें, यावरून निर्णय बरा कीं वाईट हें ठरत नाहीं. ठरतें तें यावरून कीं, निघतांना काम दुसऱ्याच्या हातीं सोंपविलें होतें काय, आणि दोघें मिळून निघालीं काय. ज्या स्त्रीनें पन्नास वर्षांपूर्वीं एकटीनें समुद्र ओलांडला, ती परततांना नवऱ्यासोबत होती. त्यांनीं उभारलेलें उपासनामंदिर आजहि तेथें उभें आहे, आणि ज्या भाषेंत त्यांनीं शास्त्र आणिलें ती आज त्या देशाच्या राजभाषांपैकीं एक आहे. त्यांच्या निघण्यानें काम संपलें नाहीं; आणि तें काम त्यांच्यावरच अवलंबून नव्हतें, हेंच त्या कामाचें यश.

तर आपल्या गांवच्या त्या वृद्ध उपदेशकानें राहावें कीं जावें? आम्ही त्याला एकच हुकूम देऊं इच्छीत नाहीं. तीन प्रश्न देतों. पहिला : तुमच्या पत्नीला तुम्हीं विचारिलें काय, आणि तिला 'नको' म्हणण्याची मोकळीक होती काय? नव्या करारांत अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांचीं नांवें सहा ठिकाणीं येतात आणि सहाहि ठिकाणीं तीं जोडीनेंच येतात. कांहीं ठिकाणीं तर पत्नीचें नांव आधीं येतें. घर दोघांचें, तंबू शिवण्याचा धंदा दोघांचा, तसें पाचारणहि दोघांचें. दुसरा : तुम्ही जें धरून बसलां आहां तें काम आहे कीं अधिकार? काम हलकें करतां येतें. अधिकार मात्र म्हातारपणीं अधिकच घट्ट धरावासा वाटतो, आणि माणूस त्यालाच निष्ठा म्हणतो. तिसरा : तुमच्या सावलींत तरुण वाढत आहे कीं खुरटत आहे? वडाची सावली मोठी खरी, पण तिच्याखालीं दुसरें झाड फार क्वचित् वाढतें.

आणि मंडळीलाहि एक प्रश्न आहे. उपदेशक राहतो तें घर बहुधा मिशनचें असतें. काम सुटलें कीं घर सुटतें. मग म्हातारा कामाला चिकटून राहिला तर तो हट्टी कीं निराधार? ज्याला जाण्यास जागाच नाहीं, त्याच्या राहण्याला आपण निष्ठा म्हणावी, आणि त्याच्या गरजेकडे पाठ फिरवावी, हें आपल्याला शोभतें काय? आणि जिनें इतकीं वर्षें वेतनावांचून बायकांना वाचावयास शिकविलें, बाळंतिणींची उठबस केली, आल्यागेल्याला भाकर वाढली, तिचें नांव आपल्या वहींत कोठें लिहिलें आहे? लेव्यांचा नियम पाळावयाचा तर त्यांना मंडपांत जागा राखून ठेविली पाहिजे. निवाऱ्याची एक खोली, धान्याचा ठराविक वांटा, आणि तरुण उपदेशकानें आठवड्यांतून एकदां त्यांच्या ओसरीवर बसून सल्ला घेणें : एवढें कोणत्याहि गरीब मंडळीला अशक्य नाहीं.

वृद्धांना राहण्याची जागा व जाण्याची मोकळीक या दोन्ही असतील, तेव्हांच त्यांचें राहणें खरें राहणें होईल व जाणें खरें जाणें होईल. तोंपर्यंत, वाचकहो, आज संध्याकाळीं त्या घरीं जा. म्हाताऱ्याशीं पुष्कळ लोक बोलतात. तुम्ही चुलीपाशीं बसलेल्या आईला विचारा, "बाई, तुमच्या मनांत काय आहे?" आणि ती बोलेपर्यंत थांबा.