मरणाचं कारण

पावसाळ्याच्या तोंडाला मालवणजवळच्या एका वाडीत भरतीने पाचेक फूट लांबीचं करडं धूड वाळूवर आणून टाकलं. तासाभरात गर्दी झाली. डॉल्फिनचं पिल्लू मेलं, अशी बातमी फोनवरून गावभर पोचली. पाठीवर पर नव्हता, म्हणजे तो बोटीच्या पंख्याने कापला असणार, हेही ठरून गेलं. कुणी फोटोसाठी शेपटी उचलून धरली. कुणी दोर बांधून ते परत पाण्यात ओढायला निघालं.

बारावीतली एक मुलगी मात्र बाजूला उकिडवी बसून बघत होती. वाडीतले म्हातारे तांडेल काठी टेकत तिच्याजवळ आले. शेपटी आडवी होती आणि डोक्यावर श्वासाचं छिद्र होतं, तेव्हा मासा नव्हे हे उघड होतं. "पण ह्यो डॉल्फिनय नाय," तांडेल म्हणाले. "पाठ बग गो तेची."

तिने पाठ पाहिली. पर कापला असता तर जखम दिसली असती. तिथे कातडी अखंड होती आणि बारीक, टणक गाठींचा एक पट्टा शेपटीकडे गेला होता. डोकं गोल, पुढे चोच नाही. काडीने ओठ वर केला तर दात फावड्याच्या पात्यासारखे चपटे. डॉल्फिनचे असतात टोकदार. हा फिनलेस पॉरपॉइज होता. पाठीला पर नसलेलाच जन्माला येणारा. पिल्लूही नव्हे, कारण नवजात पॉरपॉइज जेमतेम अडीच फुटांचा असतो. पोटावरच्या चिरेच्या दोन्ही अंगांना स्तनांच्या बारीक चिरा होत्या, म्हणजे मादी.

नावाचा एवढा घोळ कशाला, असं कुणालाही वाटेल. पण हा प्राणी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतो, बोटींपासून लांब पळतो, आणि पर नसल्यामुळे लाटांत दिसतही नाही. त्याच्याविषयीचं बरंचसं ज्ञान वाहून आलेल्या मृतदेहांतूनच मिळतं. धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत तो आहे. त्याला डॉल्फिन म्हणून पुरलं की त्या जातीतलं एक मरण हिशेबातूनच जातं.

मुलीने लोकांना मागे सारलं, कारण अशा मृतदेहातून माणसाला रोग लागू शकतो. शेजारी काठी ठेवून तिने डोकं, पाठ, दात, शेपटी यांचे वेगवेगळे फोटो काढले. जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत सरळ लांबी मोजली. मग वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन लावला.

वनविभागाची माणसं आली, पशुवैद्यही आले. मानेभोवती बारीक रेघा उमटल्या होत्या. "जाळ्याच्या वाटतात," डॉक्टर म्हणाले, "पण इथे कुणाला काही माहीत आहे?"

गर्दी गप्प झाली. अखेर मागे उभा असलेला एक तरुण पुढे आला. "परवा रातीक माझ्या जाळ्यात गावलो. वर काडलो तेवा मेलेलो होतो. भियालंय नि सोडून दिलंय."

तांडेलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रागावलं कुणीच नाही. डॉक्टरांनी जागा, पाण्याची खोली, जाळ्याचा आस, जाळं किती वेळ पाण्यात होतं, सगळं विचारून लिहून घेतलं. असा जीव जिवंत सापडला तर जाळं कापून त्याला सोडावं, राज्य सरकारच्या २०१८ च्या योजनेत त्या जाळ्याची भरपाई मिळते, हेही त्याला सांगितलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. वाडीत बहुतेकांना नव्हतं.

शवविच्छेदन झालं, भरतीच्या रेषेच्या वर खोल खड्डा घेऊन पॉरपॉइज पुरला. नोंदीत लिहिलं गेलं: फिनलेस पॉरपॉइज, प्रौढ मादी. मरणाच्या कारणापुढे 'अज्ञात' लिहावं लागलं नाही.