मय्यत कोणाची, ज्ञान कोणाचे?

घरात मय्यत झाली की आपल्या मोहल्ल्यात कोणाला काही सांगावे लागत नाही. कोणी पाणी तापवायला ठेवतो, कोणी कफनाचे कापड आणायला जातो, कोणी कब्रस्तानात निरोप देतो. बाईची मय्यत असेल तर गुस्ल द्यायला येणाऱ्या बाया ठरलेल्या असतात. हे शिक्षण कुठल्या विद्यापीठात मिळत नाही, ते पाहून पाहून येते. मृताला न्हाऊ घालून, कफन देऊन मातीच्या स्वाधीन करणे हे त्याचे जिवंतांवरचे शेवटचे देणे आहे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते.

समजा, एक दिवस डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकने झाकलेला परका माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘हात लावू नका, मय्यत आमच्या ताब्यात द्या,’ तर आपण काय करू? आणि त्याचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर असेल तर?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. डिसेंबर २०१३मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाच्या मेलियांदू या खेड्यात इबोलाची साथ सुरू झाली. ती सिएरा लिओन आणि लायबेरियात पसरली. अठ्ठावीस हजारांहून अधिक माणसे आजारी पडली आणि अकरा हजारांहून अधिक दगावली. गिनी आणि सिएरा लिओन हे मुस्लीम बहुसंख्येचे देश. इबोलाने मेलेल्या माणसाच्या देहात विषाणू प्रचंड प्रमाणात असतो. ज्या मायेने आपण मय्यतीला न्हाऊ घालतो, त्याच मायेने तिथे एकेका घरातली चार-चार माणसे नेली. निदान वीस टक्के लागण दफनविधीच्या वेळी होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०१४मध्ये सांगितले.

तेव्हा तज्ज्ञ चुकले होते असे म्हणता येणार नाही. विषाणूबद्दल ते बरोबरच होते. त्यांनी पथके पाठवली, फवारणी केली, मृतदेह थैलीत बंद करून नेले. पण आपला माणूस कुठे पुरला हे अनेक कुटुंबांना कळलेही नाही. मग लोक आजारी माणसाला लपवू लागले, रात्री गुपचूप दफन करू लागले. फवारणी करणारेच रोग आणतात, अशी अफवा उठली. सप्टेंबर २०१४मध्ये दक्षिण गिनीतील वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातील आठ जणांना गावकऱ्यांनी ठार मारले. या हत्येचे समर्थन कुठल्याच धर्मात, कुठल्याच माणुसकीत बसत नाही. पण हे झाले कसे, असे विचारणे म्हणजे समर्थन करणे नव्हे.

पुढे मानववंशशास्त्रज्ञ, इमाम, पाद्री आणि धार्मिक सेवासंस्था यांना बरोबर बसवून जागतिक आरोग्य संघटनेने दफनाची नवी पद्धत लिहून काढली. मुस्लीम मय्यतीसाठी त्यात पाण्याच्या गुस्लऐवजी तयम्मुम आले, पांढरे कफन आले. कुटुंबाला विश्वासात घेतल्याशिवाय दफनाला सुरुवात करायची नाही, घरच्यांना दुआ करू द्यायची, हे आले. तयम्मुम परदेशी तज्ज्ञाने शोधून काढलेले नाही. पाणी नसेल किंवा पाण्याने अपाय होणार असेल, तर मातीने पाक व्हावे ही सवलत आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. मदरशात पहिली पुस्तके शिकणाऱ्या मुलालाही ती माहीत असते. साथ थांबवण्याच्या किल्लीचा एक दात गावातल्या मशिदीतच होता. तो हाती येईपर्यंत साथ सुरू होऊन जवळजवळ वर्ष लोटले होते.

आमच्या मते नैतिक प्रश्न इथे सुरू होतो. जो बरोबर आहे, त्याने विचारायची गरज आहे का? आम्हाला वाटते, आहे. कारण प्रश्न दोन असतात. विषाणू कसा पसरतो, हा एक. त्याचे उत्तर प्रयोगशाळा देते आणि तिथे मोहल्ल्याचे मत घ्यायचे कारण नाही. ‘मग आता आपण काय करावे’ हा दुसरा. त्यात काय सोडता येईल, काय सोडता येणार नाही, कशाच्या बदल्यात काय चालेल, हे सगळे येते. ते मय्यत ज्यांची आहे त्यांनाच ठाऊक असते. तज्ज्ञ पहिल्या प्रश्नाच्या बळावर दुसऱ्याचेही उत्तर परस्पर देऊन टाकतो, तिथे त्याचे ज्ञान संपून अधिकार सुरू होतो.

मदिनेतील खजुरीची हकीकत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. शेतकरी कलम करीत होते. त्याची गरज नसावी, असे पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी सुचवले. लोकांनी ते सोडले आणि पीक घटले. तेव्हा आपल्या दुनियादारीच्या गोष्टी तुम्हीच अधिक जाणता, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ज्यांचा शब्द लोक प्राणापलीकडे मानत, त्यांनी हे म्हणावे! आजच्या सल्लागाराला एवढे म्हणणे जड का जावे?

जड जाते, कारण त्याचे काम बांधलेले असते. त्याला नेमतो पैसा देणारा, अहवाल जातो पैसा देणाऱ्याकडे. दोन-तीन आठवड्यांत पाहणी उरकून तो परत जातो. शिफारस चुकली तर तिची किंमत मागे राहिलेले लोक मोजतात. ज्याला चुकीची झळ लागत नाही, त्याच्या सल्ल्यात किती नम्रता असावी, याचा विचार सल्ला देणाऱ्यानेच करायला हवा.

डॉ. शेख उमर खान यांची गोष्ट याबाबतीत मनाला चटका लावते. सिएरा लिओनमधील केनेमा येथील हे डॉक्टर लासा तापाचे जाणकार होते. इबोलाच्या रुग्णांवर उपचार करता करता त्यांनाच लागण झाली. ‘झेडमॅप’ हे माणसावर न तपासलेले औषध त्यांच्या उपचारकेंद्रात होते. द्यावे की नाही यावर परदेशी डॉक्टरांनी खल केला आणि न देण्याचे ठरवले. औषधाने अपाय झाला तर लोकांचा विश्वास उडेल, ही भीती त्यामागे होती आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. पण असे औषध आहे, हे खुद्द डॉ. खान यांना सांगितले गेले नाही. २९ जुलै २०१४ रोजी ते गेले. त्याच सुमारास लायबेरियात आजारी पडलेल्या दोन अमेरिकी सेवाकर्मींना ते औषध मिळाले आणि ते बचावले. औषधाने डॉ. खान वाचले असते असे कोणी म्हणू शकत नाही. पण जो स्वतः तज्ज्ञ होता, त्यालाही त्याच्या जिवाबद्दल विचारावेसे वाटले नाही, हे कसे विसरायचे?

विचारून काम होते, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच कमी शिकलेल्या, कित्येकदा निरक्षर बायांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्या अनुभवाची दखल जागतिक आरोग्य संघटनेने १९७५च्या आपल्या ग्रंथात घेतली. १९७८च्या अल्मा आटा घोषणेने तर आरोग्यसेवेच्या आखणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असे मान्य केले.

याची दुसरी बाजूही आपण अनुभवली. श्रीलंकेत एप्रिल २०२०पासून फेब्रुवारी २०२१पर्यंत कोरोनाने मेलेल्या प्रत्येकाचे दहन सक्तीचे होते. दफनाने भूजल दूषित होईल, असे तिथल्या तज्ज्ञ समितीचे म्हणणे होते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र मार्च २०२०मध्येच दफनाला हरकत नसल्याचे सांगितले होते. जुलै २०२४मध्ये श्रीलंका सरकारने माफी मागितली. मुंबईतही ३० मार्च २०२० रोजी महापालिकेने सर्वांच्या दहनाचे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने दफनाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्या वेळी जागतिक संघटनेचा कागदच आपल्या बाजूने उभा राहिला. म्हणून ‘परदेशी तज्ज्ञ नकोत’ ही आरोळी आम्हाला मान्य नाही.

आणि आपले काय? पोलिओच्या डोसाने मुले निर्बीज होतात, ही अफवा आपल्याही वस्त्यांत फिरली आणि अनेकांनी दारे लावून घेतली. त्याची शिक्षा लहान लेकरांच्या पायांना झाली. आपल्याला विचारा, असे म्हणणाऱ्यांनी विचारल्यावर खरे उत्तर देण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. यातला दीन किती, रिवाज किती आणि निव्वळ भीती किती, हे वेगळे करून सांगता आले पाहिजे. गिनीतल्या इमामांना ते सांगावे लागले. पाण्याचा आग्रह सोडून माती चालेल, हे शोकात बुडालेल्या घरी जाऊन समजावणे सोपे नसणार.

दारात उभा असलेला तो झाकलेला माणूस पुन्हा कधीतरी आपल्याकडे येईल. त्याने आधी सलाम करावा, नाव सांगावे आणि विचारावे. आपणही त्याला बसायला सांगावे आणि त्याचे ऐकून घ्यावे. मय्यत आपली आहे, पण उद्या जगायचे आहे ती लेकरेही आपलीच आहेत.