बाण नसलेल्या रेषा

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या प्रबंधांची तोंडी परीक्षा घ्यायला गेलो होतो. एका विद्यार्थिनीनं पडद्यावर चित्र लावलं. शंभरेक ठिपके, त्यांना जोडणाऱ्या रेषांचं जंजाळ आणि मधोमध दहा गडद लाल ठिपके. "तोंडाच्या कर्करोगातली ही दहा हब जनुकं, सर. यांच्यावर औषध सापडलं तर कर्करोग थांबवता येईल." मी एका रेषेवर बोट ठेवलं. "यात कोण कोणाला हलवतं?" ती थोडा वेळ थांबली आणि सरळ म्हणाली, "ते सॉफ्टवेअर सांगत नाही, सर."

मुलगी हुशार आहे, मेहनतीही आहे. असे प्रबंध आणि असे शोधनिबंध आज ढिगांनी निघतात. अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पानं ३३ प्रकारच्या कर्करोगांची, ११ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती जगाला खुली करून दिली, हे फार मोठं काम झालं. पण आता ती माहिती उतरवून घ्यायची, कोणती जनुकं बरोबरीनं वर-खाली होतात ते पाहायचं, ज्याला जास्त रेषा त्याला 'हब' म्हणायचं आणि शेवटच्या परिच्छेदात उपचाराची आशा दाखवायची, असा शिरस्ता पडला आहे. मला याचा त्रास होतो. जनुकांच्या जाळ्याची कल्पना ज्यासाठी जन्मली, नेमकं तेच यात गळून पडतं.

राउसनं कोंबड्यांत दाखवलेला कर्करोगाचा विषाणू, एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात हे नडसनचं 'दोन घावां'चं म्हणणं, त्या विषाणूतलं कर्करोगाचं जनुक मुळात निरोगी पेशीतलंच असल्याचा बिशप आणि व्हार्मस यांचा शोध, १९८२ साली रास जनुकात सापडलेला एका अक्षराचा बदल: असा हा प्रवास. त्यातून एक समज घट्ट झाला, की कर्करोग म्हणजे बिघडलेल्या जनुकांची यादी. २००१ मध्ये इमॅटिनिब आलं. रक्ताच्या एका कर्करोगात एकच प्रथिन अडवून माणसं वर्षानुवर्षं जगू लागली आणि यादीवरचा विश्वास आणखी वाढला.

मग यादीच्या जागी जाळं आलं, असं सांगतात. त्यासाठी २००० सालच्या एका लेखाचा दाखला देतात. फोगेलस्टीन, लेन आणि लेव्हिन यांनी 'नेचर'मध्ये पी-५३ या प्रथिनाची तुलना इंटरनेटमधल्या मोठ्या केंद्राशी केली होती. सुटे संगणक बंद पडले तरी इंटरनेट चालतं, मोठ्या केंद्रांवर घाला पडला की कोसळतं. वाचणाऱ्यांनी यातून अर्थ काढला, की केंद्र शोधा आणि त्यावर नेम धरा. मूळ लेखाचा रोख वेगळाच होता. केंद्रावर घाला कर्करोगानं आधीच घातलेला आहे. माणसांच्या जवळपास निम्म्या गाठींत पी-५३ मोडलेलं असतं. मोडलेल्या केंद्रावर आणखी काय नेम धरणार? आणि जे केंद्र मोडलेलं नाही, त्यावर बहुतेकदा निरोगी पेशीही जगत असते. शिवाय ज्या जनुकाचा अभ्यास जास्त, त्याच्या नोंदलेल्या रेषाही जास्त. पी-५३ इतका कुणाचाच अभ्यास झालेला नाही.

या वळणावर बहुतेकांचं वाचन चुकतं असं मला वाटतं. यादीकडून जाळ्याकडे जाणं म्हणजे जास्त नावं गोळा करून त्यांच्यामध्ये रेघा ओढणं नव्हे. बदल झाला तो प्रश्नात. 'कोणतं जनुक बिघडलं?' हा जुना प्रश्न. 'पेशी या अवस्थेत का अडकून राहते?' हा नवा. आणि नवा म्हणताना मी कचरतो, कारण तो २००० च्या कितीतरी आधीचा आहे.

१९५७ च्या आपल्या पुस्तकात जीवशास्त्रज्ञ वॅडिंग्टननं दोन चित्रं छापली. पहिलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं: डोंगरउतारावरून घरंगळणारा चेंडू, त्याच्यापुढे फाटे फुटत जाणाऱ्या दऱ्या, प्रत्येक दरीच्या तळाशी एकेक प्रकारची पेशी. दुसरं चित्र त्याच डोंगराचं, पण खालून. तिथं जमिनीत ठोकलेल्या खुंट्या आहेत आणि त्यांना बांधलेल्या दोऱ्या वरचा पृष्ठभाग ताणून धरतात. खुंट्या म्हणजे जनुकं. दोऱ्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या, की एक खुंटी उपटली तर कोणती दरी बुजेल आणि कोणती खोल होईल हे त्या खुंटीकडे कितीही निरखून पाहिलं तरी कळायचं नाही. १९६९ मध्ये स्टुअर्ट कॉफमन या शास्त्रज्ञानं याला गणिताची जोड दिली. जनुकं दिव्यांसारखी चालू-बंद होणारी, प्रत्येकावर इतर काहींची सत्ता. असं जाळं सोडून दिलं की ते मोजक्याच ठरावीक नमुन्यांत येऊन स्थिरावतं. दोन वर्षांनी त्यानं पुढचं पाऊल टाकलं: घातक पेशीही अशाच एका नमुन्यात अडकलेली असेल, तर तिला ढकलून सौम्य नमुन्यात नेता यावं.

मराठीत 'गाठ' हा शब्द कर्करोगालाही चालतो आणि जाळ्यालाही. जाळ्याची गाठ किती मोठी आहे हे पाहून तिचं काम कळत नाही. तिच्यातून निघालेली दोरी ओढून पाहावी लागते.

हे किती खरं आहे ते एका औषधानं दाखवलं. बी-रॅफ जनुकात एक बदल होतो: प्रथिनाच्या ६०० व्या जागी व्हॅलीनऐवजी ग्लुटामेट येतं. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात तो जवळपास निम्म्या रुग्णांत असतो. तो अडवणारं व्हेमुराफेनिब २०११ मध्ये मंजूर झालं आणि पसरलेला मेलॅनोमा निम्म्याच्या आसपास रुग्णांत आक्रसला. तोच बदल मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांतही असतो. तिथं तेच औषध जवळजवळ निकामी ठरलं. जनुक तेच, चूक तीच, औषध तेच. यादीजवळ याला उत्तर नव्हतं.

उत्तर २०१२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या रेने बर्नार्ड्स यांच्या गटानं दिलं. त्यांनी आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींना औषध दिलं आणि पेशीतले निरोप पुढे पोचवणाऱ्या कायनेज प्रथिनांची वेगवेगळी जनुकं गप्प करून पाहिलं, की कोणतं गप्प केल्यावर औषध लागू पडतं. निघालं ईजीएफआर, पेशीच्या पृष्ठभागावरचं वाढीचे निरोप स्वीकारणारं प्रथिन. बी-रॅफपासून खाली जाणारा संदेश मागे वळून ईजीएफआरवर लगामही ठेवत होता. औषधानं संदेश तोडला आणि त्याबरोबर लगामही सुटला. ईजीएफआर उसळलं आणि वाढ पुन्हा सुरू झाली. मेलॅनोमाच्या पेशींवर ईजीएफआर अगदी थोडं, त्यामुळे उसळायला तिथं फारसं काही नव्हतंच. पुढे दोन्ही एकदम अडवणारी जोडी, एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब, २०२० मध्ये अमेरिकेत या रुग्णांसाठी मंजूर झाली.

ईजीएफआरपासून बी-रॅफकडे येणारा बाण तोवर पाठ्यपुस्तकांतही होता. परतीच्या बाणाचं वजन कुणी जोखलं नव्हतं. आणि ते हजारो नमुन्यांतली जनुकं बरोबरीनं वर-खाली होतात का हे पाहून कळलंही नसतं. जाळं छेडावं लागलं.

नुसत्या बरोबरीचा भरवसा किती, हे २०११ मध्ये ब्रसेल्सच्या व्हेने, द्युमों आणि देतूर यांनी दाखवून दिलं होतं. स्तनाच्या कर्करोगात रुग्णाचं पुढे काय होईल हे सांगणारे ४७ प्रसिद्ध जनुकसंच त्यांनी तपासले. त्यांतले २८ त्याच आकाराच्या, डोळे मिटून उचललेल्या जनुकसंचांपेक्षा ठळकपणे सरस ठरले नाहीत. जेवणानंतरच्या हसण्याशी जोडलेला एक जनुकसंचही रुग्णांचं भवितव्य 'सांगत' होता. कारण पेशी भराभर विभागू लागल्या की निम्मं जाळं त्या तालावर हलतं. कुठलीही मूठभर जनुकं उचला, त्यांत तो ताल सापडतो. लाल ठिपकेही बरेचदा तेवढंच सांगतात.

कॉफमनचं ढकलणं प्रत्यक्षात शक्य आहे का? एका रक्ताच्या कर्करोगात, ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, ते झालेलं आहे. १९८८ मध्ये शांघायच्या वांग झेनयी यांच्या गटानं २४ रुग्णांचा अहवाल दिला. जीवनसत्त्व अ-पासून निघणारं एक आम्ल दिल्यावर अर्धवट वाढून अडकलेल्या पेशी मारल्या गेल्या नाहीत, त्या मोठ्या झाल्या, साध्या पांढऱ्या पेशी बनल्या आणि आपल्या वेळेनं मेल्या. शांघायचे डॉक्टर कॉफमनच्या गणितावरून तिथं पोचले नव्हते, आणि या रोगात एकच जोडजनुक इतकं वरचढ असतं की इतर कर्करोगांत असं सोपं वळण मिळेलच असं नाही. तरीही पेशी दरीतून बाहेर येते, हे तिथं रुग्णांच्या रक्तात दिसलं.

हे सगळं त्या मुलीला जमेल तसं सांगितलं. तिनं वहीत उतरून घेतलं आणि विचारलं, "मग सर, मी पुढे काय करू?" मी म्हटलं, दहापैकी एकच ठिपका घे. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत ते जनुक गप्प कर, सहा तासांनी मोज, चोवीस तासांनी मोज, बाकीचे नऊ काय करतात ते लिही. ज्या रेषेची दिशा कळेल तिलाच बाण दे.

तिनं तिच्या मार्गदर्शक बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सर, पेशी वाढवायचा आमचा इन्क्युबेटर दोन वर्षं बंद आहे. दुरुस्तीचा अर्ज वर गेलाय. मुलांकडे लॅपटॉप आहेत तेवढे."